देवीचा उजवा हात आणि ग्रीकांचे पत्ते

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातलंही चौथीचं निम्मं वर्ष गुरं राखण्यात गेलं. तरी मी चौथी धरतो, कारण पाढे मला तीसपर्यंत तोंडपाठ होते आणि आजही आहेत. हे मी लाजून सांगत नाही. सही करतो, पेपर वाचतो, एसटीची पाटी लांबून वाचतो, आणि टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते एकेक करून ओळखतो. केज तालुक्यात माझ्या वयाचा असा दुसरा माणूस असेल तर त्यानं समोर यावं.

टॅरो म्हणजे रमीचे पत्ते नव्हेत. हे प्रश्न विचारायचे पत्ते. आकारानं मोठे, आणि प्रत्येकावर एक चित्र. माझ्या नातीकडं जो कॅट आहे त्यावर ग्रीस नावाच्या देशातले जुने देव आहेत. तिकडं त्या देवांना आता कोणी पूजत नाही म्हणे. मला त्याचं वाईट वाटलं. एवढे देव, आणि दिवा लावायला माणूस नाही.

नात पुण्याला शिकली आणि तिथंच कंप्युटरवर नोकरीला लागली. पुढं कंपनीनं घरूनच काम करा म्हणल्यावर ती गावाकडं आली. वरच्या खोलीत टेबल टाकून ती दिवसभर कानाला काहीतरी लावून इंग्रजीत बोलायची. दुपारी एकला लाइट गेली की तिचं काम बंद पडायचं, आणि चारला लाइट आली की परत सुरू. मधले तीन तास ती ओसरीवर येऊन बसायची. एक दिवस तिनं पिशवीतून हे पत्ते काढले आणि स्वतःशीच मांडायला लागली. पुण्यात तिच्या खोलीवरच्या पोरी एकमेकींना पत्ते काढून द्यायच्या, तिथं ती शिकली होती.

मी बाजेवरून बघत होतो. एका पत्त्यावर एक माणूस कड्याला साखळदंडानं उलटा टांगलेला दिसला.

"ह्याला कावून टांगलंय?" मी विचारलं.

"ह्यो प्रॉमिथिअस. ह्यानं देवाच्या घरातला इस्तू चोरून माणसाला आणून दिला. म्हणून देवांच्या राजानं शिक्षा केली. रोज गिधाड येऊन त्याचं काळीज खातंय, आन् रोज ते परत उगवतंय."

"आन् ज्यांना इस्तू दिला ती माणसं? सोडवायला गेली न्हाईत?"

"न्हाई."

"मग तिकडची माणसं बी आपल्यासारखीच," मी म्हणलं. त्या दिवशी मी ठरवलं की हे शिकायचं.

मी ठरवलं ते उगाच नाही. प्रश्न विचारायच्या कामात मी नवखा नव्हतो. गावातल्या देवीला कौल लावायचं काम तीस वर्षं माझ्याकडं आहे. आधी ते गुरवांकडं होतं. ते घर पोटापाण्यासाठी परगावी गेलं आणि जाताना किल्ली माझ्या हातात देऊन गेलं. कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेली फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारून थांबायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आता उजवी म्हणजे देवीच्या उजव्या हाताची. आपण तिच्यासमोर उभे राहतो, म्हणून ती आपल्या डाव्या हाताला येते. नव्या माणसाला हे कळत नाही. डावीकडची पडली की त्याचं तोंड पडतं, आणि मला दरवेळी सांगावं लागतं की बाबा, बाजू देवीची धरायची, आपली नाही. तीस वर्षांत हे मी किती जणांना सांगितलं असेल ते देवीलाच माहीत. पुढं मी जो घोटाळा केला तो ह्याच सवयीनं, म्हणून इथं सांगून ठेवतो.

नात आधी तयार नव्हती. "आबा, समदी नावं इंग्रजीत हायत. कशी ध्यानात ठेवताल?"

"नावं तुझी तू वाच. मला गोष्ट सांग. गोष्ट एकदा ऐकली की मी सोडत न्हाई."

"अठ्ठ्याहत्तर हायत."

"मला काय घाई हाय? तुझी लाइट रोज जातीय."

आतून आमच्या घरातलीचा आवाज आला, "सत्तरी उलटल्यावर पत्ते हातात घेतलेत. आता तेवढं राहिलंच व्हतं." बायकोचं बोलणं मी मनावर घेत नाही. घेतलं असतं तर आजवर एकही काम झालं नसतं.

आठवड्याला दोन पत्ते आणि त्यांच्या गोष्टी असं चाललं. मी शिकलो ते माझ्या रीतीनं. प्रत्येक देवाला मी आमच्या भागात आणून बसवला. सूर्याचा पोरगा फेथॉन बापाचा रथ हट्टानं घेऊन निघाला, त्याला घोडे आवरले नाहीत आणि त्यानं निम्मी धरती जाळली. त्याला मी चौसाळ्याच्या हायवेवर बसवला. तिथं बापाची गाडी घेऊन निघालेली पोरं रोज दिसतात. मेणाचे पंख लावून वर वर जाणाऱ्या इकारसला तर जागा शोधावीच लागली नाही, तो आमच्याच भावकीत आहे. नाव सांगत नाही.

हेराक्लीसवर मात्र आमचं भांडण झालं. ह्या पैलवानाला एका राजाचा गोठा साफ करायला सांगितला. तीस वर्षांचं शेण साचलेलं. त्यानं काय केलं, तर दोन नद्या वळवून गोठ्यात घातल्या, आणि सगळं शेण एका दिवसात धुऊन गेलं.

"कुठं गेलं?" मी विचारलं.

"गेलं वाहून. नदीत."

"तीस वर्षांचं शेणखत नदीत सोडलं? आन् त्याला शाबासकी दिली?"

"आबा, ती त्याच्या ताकदीची गोष्ट हाय."

"ताकद असंल. अक्कल न्हाई. त्यो पैलवान व्हता, शेतकरी नव्हता, असं त्या पत्त्यात मी धरणार." आजही तो पत्ता कोणाला आला की मी सांगतो, काम होईल, पण हातातलं चांगलं काहीतरी वाया घालवशील, जपून राहा. नात म्हणते असा अर्थ कुठल्या पुस्तकात नाही. नसू दे. तीन जणांना मी सांगितला, आणि तिघांनीही परत येऊन मान डोलावली.

पुढं एका आईची आणि लेकीची गोष्ट आली. ती गोष्ट मात्र मला शिकावी लागलीच नाही.

आईचं नाव डिमीटर. जगातलं सगळं धान्य तिच्या हातात. तिची लेक रानात फुलं तोडत होती. जमीन फाटली, खालून पाताळाचा राजा काळे घोडे जुंपलेला रथ घेऊन वर आला आणि पोरीला उचलून खाली घेऊन गेला. आई जगभर हिंडली. तिनं धान्य उगवणं बंद केलं, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा कुठं देव जागे झाले. मग तोडगा निघाला की वर्षातले काही महिने पोरगी वर आईकडं राहील आणि काही महिने खाली.

"किती महिने?" मी विचारलं.

"कोणी चार म्हणतंय, कोणी सहा."

"सहाच," मी म्हणलं. "मला म्हायती हाय."

आमच्या गावात दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि असे पन्नास-साठ कोयते ट्रॅक्टरवर बसून खाली कारखान्यांकडं ऊस तोडायला जातात. परत येतात ते उन्हाळ्यात. त्या सहा महिन्यांत गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि आम्ही. मी नातीला म्हणलं, तुझ्या ग्रीकांची एक पोरगी पाताळात गेली तर जगाचं धान्य बंद पडलं. आमचं निम्मं गाव जातं, आणि ज्वारी तर वेळेवर येते. नातीनं तो आईचा पत्ता माझ्या हातात दिला आणि म्हणली, ह्याचं तुमीच मला सांगत जावा.

संक्रांतीपासून दसऱ्यापर्यंत माझे सगळे पत्ते झाले. शेवटी नातीनं तीन पत्त्यांची मांडणी सांगितली. प्रश्न विचारणाऱ्यानं तीन पत्ते काढून ओळीनं ठेवायचे. डावा पत्ता मागचं सांगतो, मधला आजचं, उजवा पुढचं. "मांडून दाखवते," ती म्हणली. मी म्हणलं, "कळलं की. तीन पत्त्यांना काय दाखवायचं?" एवढंच झालं. आता मागं वळून बघतो तर तिथं मी दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं.

दिवाळी झाली. एक दिवस शेजारची बाई आली. तिचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त बोळ. ती आणि तिचा नवरा दर साली तोडीला जातात. धाकटी दोघं बरोबर असतात, आणि थोरली पोरगी बारावीला होती, केजच्या कॉलेजात. पोरगी हुशार. तिला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी बारावी नीट होणं भाग होतं.

"आबा, कौल लावायचाय," ती म्हणली. "पोरीला संगं नेऊ का मागं ठेवू? परवा सकाळी ट्रॅक्टर येतोय."

मी देवळाची किल्ली घ्यायला उठलो आणि परत बसलो. सगळे पत्ते शिकून महिनाही झाला नव्हता, हात शिवशिवत होते. नात त्या दिवशी तहसीलला दाखला आणायला केजला गेलती, म्हणजे मधे बोलायलाही कोणी नव्हतं.

"कौल कशाला? देवी नुसतं व्हय का न्हाई सांगती. ह्ये पत्ते मागचं-पुढचं समदं सांगतेत."

तिनं पत्त्यांकडं बघितलं. "ह्ये कुठल्या देवाचे?"

"देवाचेच हायत. लांबच्या."

मी पत्ते पिसले आणि चौरंगावर पसरले. तिनं तीन काढले, ओळीनं ठेवले आणि मी उलटले. माझ्या डाव्या हाताला पाताळाच्या राजाचा काळा रथ, त्यातून बाहेर आलेला पोरीचा हात आणि जमिनीवर सांडलेली फुलं. मधे प्रॉमिथिअस, कड्याला बांधलेला. माझ्या उजव्या हाताला जमिनीच्या फटीतून कमरेपर्यंत वर आलेली तीच पोरगी, हातात धान्याची एक लोंबी. आईचा पत्ता आलाच नाही. अठ्ठ्याहत्तरातून हेच तीन कसे आले ते मला विचारू नका.

आणि मी बाजू चित्राची धरली. तीस वर्षं देवीची धरत आलो तशी. माझा डावा तो पत्त्याचा उजवा, म्हणजे काळा रथ पुढं. माझा उजवा तो पत्त्याचा डावा, म्हणजे उजेडात येणारी पोरगी मागं. क्षणभरही शंका आली नाही.

मी तिला मन लावून गोष्ट सांगितली. गोष्ट सांगण्यात मी कुठं कमी पडलो नाही. मागं पोरगी उजेडात होती, शिकत होती. आज अडकलीय. पुढं अंधार आहे, कोणीतरी तिला ओढून नेणार. "मागं ठेवू नको," मी म्हणलं. "संगं ने. नजरंसमोर राहू दे."

ती काही वेळ त्या काळ्या रथाकडं बघत बसली. मग पदर सावरून उठली. "मला वाटलंच व्हतं," एवढंच म्हणली आणि गेली.

नात दुपारी जीपनं आली. मी तिला सगळं सांगितलं, अभिमानानंच. पहिली खरी मांडणी मी एकट्यानं केली होती. ती पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून ऐकत होती.

"तिला पोरगी न्या म्हणून सांगितलं?"

"पत्त्यानं सांगितलं त्ये सांगितलं."

"कसे पडलते? मांडा बरं."

मी मांडले. तिनं बघितलं आणि तांब्या खाली ठेवला. "आबा, ह्ये तर चांगलं आलंय. अंधार मागं हाय. पोरगी वर यायलीय."

"उजवा कोणता?"

"ह्यो. तुमच्या उजव्या हाताचा."

"माझा उजवा म्हंजे त्याचा डावा. बाजू देवाची धरायची असती."

"देवळात. आबा, हितं देव समोर उभा न्हाई, ह्यो कागद हाय. वाचणाऱ्याच्या हातानं धरायचं. पेपर वाचता तसं, डावीकडून उजवीकडं."

मी वाद घातला. अर्धा तास घातला. देवीचं सांगितलं, गुरवांचं सांगितलं, पुण्याच्या पोरींना काय कळतंय तेही म्हणलं. पण पेपराचं तिनं जे सांगितलं ते मनात रुतून बसलं. बायको उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती.

"चुकलं का?" तिनं विचारलं.

"चुकलं न्हाई. बाजूची गडबड झाली."

"मग जाऊन बाजू सांगून या. पोरीचं वरीस जायलंय."

मी गेलो नाही. खरं तेच सांगतो, त्या दिवशी पाय उचलला नाही. मी देवळात गेलो. देवीसमोर उभा राहिलो आणि तिचा उजवा हात नीट बघितला. तो माझ्या डावीकडंच होता. तिथं मी तीस वर्षं बरोबर होतो, ह्याची खात्री करून घेतली. पण माघारी येताना शेजारच्या दारात ती पोरगी पातेली घासत बसलेली दिसली. बरोबर न्यायची पातेली. तिनं वर बघून "आबा" म्हणून हाक दिली, आणि मी मान खाली घालून पुढं निघालो. माझं वय, माझा मान, तीस वर्षांचा कौल, हे सगळं मी एका बाजूला ठेवून पाहिलं. दुसऱ्या बाजूला तिची बारावी होती. बारावी जड निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात गेलो. नवरा कोयत्याला धार लावत होता.

"या आबा, बसा."

"बसायला न्हाई आलो. तुझ्या कारभारणीकडं काम हाय."

ती आत पीठ पोत्यात भरत होती. पोरगी भांडी गोणपाटात बांधत होती. फळीवर तिची पुस्तकं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून सुतळीनं बांधून ठेवलेली होती. धूळ बसू नये म्हणून बांधतात तशी, सहा महिन्यांसाठी.

"काल मी उलटं वाचलं," मी म्हणलं.

तिचा हात थांबला नाही. "काय उलटं?"

"डावा पत्ता मागचा असतो. मी पुढचा धरला. अंधार व्हता त्यो मागं व्हता. पुढं पोरगी वर येती."

बाहेरून नवरा हसला. "आबा, काल एक, आज एक. उद्या ट्रॅक्टर हलल्यावर तिसरंच सांगताल."

"तू धार लाव बे. मी तिच्याशी बोलायलोय."

ती आता माझ्याकडं वळली. "मग देवळातले कौल कसे हायत? आमच्या लग्नाचा कौल तुमीच लावलता. त्यो बी उलटाच धरलता का?"

बाहेर धार लावायचा आवाज बंद झाला.

"त्यो बरोबर व्हता. तिथं देवीची बाजू धरायची असती."

"बघा बरं नीट आठवून. अजून येळ हाय." पोरगी खाली मान घालून हसली. तिची आई मात्र हसली नाही. तिनं पोत्याचं तोंड आवळलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आबा, मी काय पत्त्याच्या भरवशावर न्हेत न्हाई तिला. मागच्या साली चुलतीकडं ठेवलती. चुलती दिवस उगवल्यापास्नं रानात. पोरगी कॉलेजातनं येऊन दार लावून बसायची, आन् दारावर येऊन कोण थाप मारायचं त्ये तिनं मला आमी परत आल्यावर सांगितलं. सहा महिने सांगितलं न्हाई, आई फड सोडून येईल म्हणून. म्या काल तुमच्याकडं कशाला आलते? कोणीतरी म्हणावं, ठेव, काय हुत न्हाई. तुमी म्हणलात अंधार हाय. मला तर अंधारच दिसत व्हता. तुमी नुसतं व्हय म्हणलात."

मी फळीवरच्या पुस्तकांकडं बघत उभा राहिलो. तेव्हा मला कळलं की ती जे विचारायला आली होती ते मागचं-पुढचं नव्हतंच. संध्याकाळी पोरीनं कोणाच्या घरात बसायचं, एवढंच होतं. आणि बोळाच्या पलीकडं माझं घर होतं, खोल्या होत्या, माणसं होती. हे मला काल सुचलं नाही. काल मी चौरंगावर गोष्ट सांगत होतो.

"माझ्या घरी राहील," मी म्हणलं. "नातीच्या खोलीत. दारावर कोण येतंय त्ये मी बघतो."

"काकूला इचारलं का?"

"त्यात काय इचारायचं?"

"आधी इचारून या," ती म्हणली, आणि परत पोत्याला लागली.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती हातातलं काम ठेवून उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणली, "दोन अटी. पोरीला घरकामाला जुंपायचं न्हाई. आन् तुमी तिच्यापुढं दुपारी पत्ते घेऊन बसायचं न्हाई, तिला अभ्यास असंल."

"ह्या अटी मलाच कावून?"

"मग कोणाला घालू? घरात दुसरं कोण हाय असलं?"

ती स्वतः शेजारी गेली. दार लोटून घेतलं. मी आणि तो नवरा बाहेर बसलो. त्यानं मला तंबाखू दिली, मी घेतली. तो कोयत्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणला, "आबा, फडावरच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी टाकायला कोणी तरी पायजे व्हतं. आता मीच टाकीन बहुतेक." मी म्हणलं, शिक. मी ग्रीकांचे देव शिकलो, तुला भाकरी जमंल.

बायका आत अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही, आणि मी दोनदा विचारूनही बघितलं. माझी बायको बाहेर आली तेव्हा तिच्या काखेत ते पुस्तकांचं बोचकं होतं. ते घेऊन ती सरळ आमच्या घरात गेली. मला काही सांगायची तिला गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. आई चढून बसली. पोरगी खाली उभी होती, दोघीही रडल्या नाहीत. ट्रॅक्टर हलताना आई मला म्हणली, "तिला सकाळी हाका माराव्या लागतेत. एका हाकेत उठत न्हाई." तेवढं एकच काम तिनं माझ्यावर सोपवलं. ते मी चोख केलं. रोज पहाटे पाचला तीन हाका, चौथी कधी लागू दिली नाही.

पोरगी राहिली. नात तिला इंग्रजी शिकवायची. आईचा फोन रोज दिवस मावळताना यायचा, तो माझ्या बायकोच्या मोबाइलवर. दारावर कोणी आलं नाही. येणार कोण? ओसरीवर मी असतो. एकदा पोरगीच म्हणली, "आबा, माझे पत्ते काढा ना. पास हुईन का बघा." बायको आत होती, तिला ऐकू गेलं नसतं. तरी मी काढले नाहीत. पत्ते पिसायला कोणाला नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

बाकीच्यांना मी पत्ते बघतो. लोक येतात, नांदूरघाटहून येतात, एकदा एक फळवालाही येऊन गेला, पेरूंची पिशवी देऊन गेला. चौरंगावर मी खडूनं तीन रेघोट्या मारून ठेवल्यात आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलंय, मागं, आत्ता, पुढं. नात म्हणली खडू पुसला जाईल, रंगानं लिहू. मी म्हणलं पुसला तर परत लिहीन, मला लिहिता येतंय. आणि आता पत्ते उलटायच्या आधी मी समोरच्याला विचारतो की तुला कशाची भीती वाटती ते आधी सांग. निम्मे लोक एवढं सांगूनच उठतात.

बारावीचा पहिला पेपर केजला होता. नातीची त्या दिवशी कंपनीची मीटिंग होती, म्हणून मी गेलो. सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघालो. खिडकीशी बसून ती पुस्तक मांडीवर घेऊन डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती, मी मधे बोललो नाही. शाळेच्या फाटकाशी पोलीस उभा होता. तिनं पाण्याची बाटली घेतली, माझ्या पाया पडली आणि आत गेली. फाटक लागलं.

मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, तेवढ्यात खिशातला बायकोचा मोबाइल वाजला. पोरीची आई होती. मागं उसाच्या वाळल्या पाचटाचा आवाज येत होता, कोणीतरी लांबून कोणाला हाका मारत होतं.

"गेली का आत?"

"आत्ताच गेली."

"खाऊन गेली का?"

"दोन भाकरी. काकूनं समोर बसून खाऊ घातल्या."

मग म्हणली, "कसा जाईल ओ आबा पेपर?"

मला सवय आहे, मी काहीतरी सांगितलंच असतं. लोक मला हेच विचारायला येतात.

"आत बसलीय ती," मी म्हणलं. "तीन तासानं बाहेर येईल, मग तीच सांगंल. मी हितंच हाय."

"बरं. मोबाइल कमरंला हाय माझ्या. लावा."

"लावतो."

फोन ठेवला आणि मी त्या पायरीवर तीन तास बसलो. समोर चहाची टपरी होती, टपरीवाल्यानं दोनदा हाक मारली. मी उठलो नाही.